आम्हाला तो मेला

नोव्हेंबर लागला की आमच्या गावात मेलेल्यांना चांगले दिवस येतात. वर्षभर ज्यांच्या कबरीवरचं गवत उपटायला कोणाला सवड नसते, त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सेच्या उपासनेत त्यांची नावं वाचली जातात, आणि ज्या माणसाला बघून अख्खा गाव रस्ता बदलायचा तो एकाएकी 'फार मनमिळाऊ' होऊन बसतो. पश्चिम आयर्लंडमध्ये मनमिळाऊ व्हायचं असेल तर आधी मरावं लागतं, त्याला इलाज नाही.

शाळाही यात मागे राहत नाही. आमची शाळा कॅथलिक, वर्ग तीन, आणि दारात संत जोसेफचा पुतळा, ज्याचं नाक मुलांच्या फुटबॉलने कधीच उडवलंय. मुख्याध्यापिका लॉफ्टसबाई दर नोव्हेंबरात वर्गाच्या कोपऱ्यात एक टेबल मांडतात, त्यावर जांभळं कापड घालतात, आणि मुलांना सांगतात की घरातलं जे कोणी देवाघरी गेलं असेल त्याचा फोटो आणा. हेतू चांगला. मुलांनी त्याची शर्यत केली, यात लॉफ्टसबाईंचा काही दोष नाही. कोणी दोन आजोबा आणले, कोणी आजोबा आणि वर एक काका. एकाने कुत्रा आणला होता, तो परत पाठवला.

माझी नात ब्रोना सात वर्षांची. येत्या मे महिन्यात तिला पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र पाव, मिळणार, म्हणून तिच्या वर्गात सध्या सगळेच अर्धे संत झालेले. तिचे आईबाप दोघेही नोकरीला, तेव्हा शाळेतून तिला आणायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी ती रडतच बाहेर आली.

"आजी, आपल्याकडे कोणी मेलेलंच नाही."

"असं कसं? माझे आईवडील मेलेत की."

"पणजी-पणजोबा काय, सगळ्यांचेच मेलेत," ती तुच्छतेने म्हणाली. "टायर्ननकडे आजोबा आहेत. नवीन."

मी म्हटलं बघू, आणि घरी जाऊन बटाटे सोलायला घेतले. तिने कपाटाचा खण उघडल्याचा आवाज मी ऐकला, पण मला वाटलं रंगीत पेन्सिली शोधत असेल.

आता मॅलकीबद्दल सांगायला हवं. मॅलकी म्हणजे माझा नवरा. बारा वर्षांपूर्वी तो सहा आठवड्यांसाठी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेला, घरांना छपरं घालायच्या कामावर. तिथे डेनीस नावाची एक केस कापणारी भेटली आणि तो तिच्याच छपराखाली राहिला. मी घटस्फोट मागितला नाही, त्याने दिला नाही. घरात त्याचं नाव कोणी काढलं की मी एकच वाक्य बोलायचे, "आम्हाला तो मेला." गेली बारा वर्षं मी हे इतक्यांदा बोललेय की जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं ते आपोआप तोंडातून निघतं. ब्रोनाने जन्मल्यापासून तेच ऐकलं. फक्त माझ्या वाक्यातला 'आम्हाला' तिने गाळला.

रविवारी शाळेच्या मुलांची खास मिस्सा होती. टेबलावरच्या सगळ्या फोटोंची नावं फादर टूही वाचत होते. फादरचा आवाज गंभीर, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि एका नावावरून दुसऱ्यावर जाताना मधे एक सुस्कारा. टायर्ननचे आजोबा झाले. मग सुस्कारा. मग, "मॅलकी गिल्व्हरी."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मी उठून तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण उठून काय सांगणार? फादर, तो मेला नाही, तो डेनीसकडे आहे? बारा वर्षं ज्या गोष्टीवर गावाने माझ्या पाठीमागे गप्पा मारल्या, ती मी स्वतः वेदीसमोर उभी राहून जाहीर करू? मी मान खाली घातली. मान खाली घातली म्हणजे दुःख झालं, असा आमच्याकडे अर्थ होतो.

मिस्सा संपायच्या आत शेजारची अ‍ॅट्रॅक्टा डर्कन माझ्या बाकाशी पोचली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार वाईट झालं गं असम्प्टा."

आमच्याकडे कोणी गेलं की सगळा गाव ओळीने येऊन हात दाबतो आणि हेच शब्द म्हणतो. नवीन काही सुचावं अशी अपेक्षाच नसते.

"पण रेडिओवर कसं नाही आलं?" अ‍ॅट्रॅक्टाने विचारलं. सकाळच्या निधनवार्ता ती चहासोबत ऐकते, आणि एखादं मरण तिच्या हातून निसटलं की तिला तो अपमान वाटतो. "पुरलं कुठे?"

"तिकडेच," मी म्हणाले.

हा एक शब्द मी बोलले. बाकी सगळं गावाने केलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात हॅमचे सँडविच, अंड्याचे सँडविच, दोन अ‍ॅपल टार्ट आणि एक मनुकांचा पाव जमला. मांडणीवर मिस्साकार्डं उभी राहिली. फादरच्या सहीची ती कार्डं, आत लिहिलेलं असतं की या मृतात्म्यासाठी मिस्सा अर्पण केली जाईल. मॅलकीच्या नावाने इतक्या मिस्सा बोलल्या गेल्या की हा माणूस जिवंतपणीच स्वर्गात ओढला जातो की काय अशी मला शंका आली. गावच्या फुटबॉल क्लबने मॅचआधी एक मिनिट शांतता पाळली. मॅलकी तरुणपणी त्यांचा गोलकीपर होता. तो गोल अडवायचा कमी आणि पंचांशी भांडायचा जास्त, पण तेही आता 'खेळावरचं प्रेम' झालं होतं.

आणि मला हे सगळं आवडलं. खोटं कशाला बोलू?

नवरा मेला की आमच्या गावात बाईला खुर्ची मिळते, चहा मिळतो, कोणीतरी येऊन कुंपण कापून देतं. नवरा सोडून गेला की काहीच मिळत नाही. त्यासाठी कार्ड छापलेलं नाही. तो गेला त्या हिवाळ्यात माझ्या दारात एक सँडविच आलं नव्हतं. अ‍ॅट्रॅक्टा फक्त दुकानात माझ्या टोपलीत काय आहे ते डोकावून बघायची, एकटी बाई किती खाते ते मोजायला. मी त्या हिवाळ्यात रोज रडले आणि रोज तोंड धुऊन बाहेर पडले. आता बारा वर्षांनी लोक येऊन माझा हात दाबत होते, आणि मी रडत होते, आणि ते रडणं अगदी खरं होतं. फक्त जरा उशिरा पोचलं होतं.

माझी मुलगी कॉलेट, म्हणजे ब्रोनाची आई, कामावरून आली, मांडणीकडे बघितलं आणि कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसली.

"आई, बाबा जिवंत आहेत."

"मला माहीत आहे."

"नाताळात माझ्याशी फोनवर बोलले होते ते."

"तेही माहीत आहे. टार्ट खाणार?"

"उद्या जाऊन सांग लोकांना."

"तू सांग. बाप तुझा आहे."

कॉलेट दुसऱ्या दिवशी सांगणारच होती. पण तिच्या ऑफिसात बातमी आधीच पोचली होती, आणि साहेबाने तिला वडील गेल्याची सुट्टी देऊन टाकली. सुट्टीत तिने न्हाणीघराला रंग दिला. त्यानंतर ती मला सत्यावर व्याख्यान द्यायला आली नाही. मात्र बापाला फोन करून ही बातमी तिनेच कळवली.

मग त्याचा फोन आला. बारा वर्षांत पहिल्यांदा. भर दुपारी, मी इस्त्री करत असताना.

"असम्प्टा, मी मेलो म्हणे."

"हो. फार वाईट झालं."

"कोण कोण आलं?"

बघा, बारा वर्षांनी आवाज ऐकवतोय, आणि या माणसाला हजेरी हवी होती. मी सांगितली. क्लबच्या शांततेचं सांगितल्यावर तो गहिवरला.

"पूर्ण एक मिनिट?"

"अर्धं. पाऊस येत होता."

"तरी पण," तो म्हणाला. मग म्हणाला, "असम्प्टा, एक सांगू? राहू दे ना असंच. तुलाही बरं, मलाही बरं. आता कोण तोंड दाखवणार तिकडे येऊन."

खरं म्हणजे मीही मनात अगदी तेच ठरवलं होतं. पण माझंच मत त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला त्याची शिसारी आली. मी फोन ठेवला. इस्त्रीखाली कॉलेटचा ब्लाउज करपला, तोही मी लपवून ठेवला.

तरीसुद्धा मी गप्पच राहिले असते. विधवापण मला मानवलं होतं. देवळात पुढच्या बाकावर जागा मिळत होती, अ‍ॅट्रॅक्टा तालुक्याला जाताना गाडीतून नेत होती. पण ब्रोनाने बिस्किटं खाणं सोडलं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. चहाबरोबर दिलेलं बिस्किट ती हळूच डब्यात परत ठेवायची. मग शाळेतून डबा तसाच परत येऊ लागला. मी लॉफ्टसबाईंना फाटकापाशी गाठलं.

"ती चॉकलेट वाटून टाकते, मिसेस गिल्व्हरी, आणि सँडविचही," त्या भारावून म्हणाल्या. "आजोबांच्या आत्म्यासाठी त्याग करते. मी तिला सोनेरी तारा दिलाय. तिच्यामुळे बाकीची मुलंही आता त्याग करतात."

"मग सगळ्यांची चॉकलेटं खातं कोण?"

लॉफ्टसबाईंनी याचा विचार केला नव्हता.

घरी आल्यावर मी ब्रोनाला समोर बसवलं. तिच्या गुडघ्यांवर लाल वण होते. रोज संध्याकाळी ती न्हाणीघराच्या नव्या रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना करायची. का, तर कार्पेटवर दुखत नाही.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"डर्कनकाकूंनी. त्या म्हणाल्या, आजोबा शुद्धिस्थानात असतील. तिथे आग असते. स्वर्गात जायच्या आधी पापं जळून जाईपर्यंत तिथे थांबावं लागतं. पण लहान मुलीने त्याग केला तर लवकर सुटतात." मग तिने गंभीरपणे विचारलं, "आजी, आजोबांचं पाप किती मोठं होतं?"

"का गं?"

"अजून किती दिवस नाही खायचं, ते ठरवायला."

माझ्या आयुष्यात मला मॅलकीचा पुष्कळदा राग आला. त्या क्षणी मात्र मला माझा आला. मॅलकी कॉव्हेंट्रीत अंडी आणि बेकन खात बसला होता आणि त्याच्या पापासाठी माझी नात उपाशी राहत होती. पोर मनगटात निम्मी झाली होती आणि मी कार्डं मांडून विधवा झाले होते.

"ब्रोना, आजोबा कुठल्याही आगीत नाहीत. तू बिस्किट खा."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," ती म्हणाली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "बाई म्हणाल्या, मोठी माणसं असं करतात."

म्हणजे आता माझ्यावर विश्वासही नव्हता. देवळात वाचलेलं नाव खरं, फादर खरे, सँडविच खरे, आणि मी एकटीच खोटी. मला कळलं की जिथे तो मेला तिथेच त्याला उठवावं लागेल.

माणूस गेल्याला महिना झाला की आमच्याकडे त्याच्यासाठी पुन्हा मिस्सा म्हणतात. मॅलकीची महिन्याची मिस्सा फादर टूहींनी स्वतःहून ठरवली होती, आणि लॉफ्टसबाईंनी शाळेच्या मुलांचं गाणं त्यात घातलं होतं. ब्रोनाने आजोबांचा फोटो हातात घेऊन वेदीपर्यंत चालत जायचं होतं. गोलकीपरचा स्वेटर घातलेला तेवीस वर्षांचा मॅलकी. त्या वयात तो दिसायला चांगला होता, ही त्याची एकमेव सबब.

कॉलेट सकाळपासून माझ्याकडे बघत होती. "आई, काय करणार आहेस?"

"प्रार्थना," मी म्हटलं.

सुरुवातीला फादर म्हणाले, "आज आपण आपल्या दिवंगत बंधूची आठवण करतोय," आणि मी उठले. माईकपर्यंत गेले. फादरना वाटलं मला दोन शब्द बोलायचेत, ते आदराने बाजूला झाले. अ‍ॅट्रॅक्टाने रुमाल काढून तयार ठेवला.

"मॅलकी मेलेला नाही," मी म्हणाले. "तो कॉव्हेंट्रीत आहे. डेनीस नावाच्या बाईबरोबर राहतो. तब्येत ठणठणीत आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही माझा हात धरलात, ते मला बरं वाटलं, म्हणून मी बोलले नाही."

देवळात इतकी शांतता पसरली की क्लबवाल्यांनी तिच्यावरून काहीतरी शिकावं.

"पण मी दोनदा सँडविच आणले," अ‍ॅट्रॅक्टा पुटपुटली.

"बारा वर्षांपूर्वी आणायला हवे होतेस," मी म्हटलं. माईक चालू होता, त्याला मी काय करू?

फादर टूहींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांची फादरकीची चाळीस वर्षं झाली, पण मेलेला परत आल्यावर काय म्हणायचं हे त्यांना फक्त ईस्टरच्या संदर्भात ठाऊक होतं. "मिसेस गिल्व्हरी," ते हळूच म्हणाले, "मिस्सा जिवंतांसाठीही अर्पण करता येते."

"मग करा. त्याला गरज आहे."

मधल्या वाटेत ब्रोना फोटो छातीशी धरून उभी होती. तिच्या मागे मुलांची रांग खोळंबली होती. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे ते जळत नाहीत?"

"नाही, बाळा."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

ती हसली. त्या हसण्यासाठी मी गावासमोर दहा वेळा नागडी झाले असते. आता जाऊन तिला पोटभर खाऊ घालावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण ब्रोना विचार करणारी पोर आहे, आणि एकदा विचार सुरू झाला की तो शेवटाला नेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. हसू तिच्या तोंडावरून गेलं.

"मग ते आपल्याकडे का येत नाहीत?"

तिने मोठ्याने विचारलं, कारण तिला ते खरंच हवं होतं. फादरनी पुस्तकात बघितलं. लॉफ्टसबाईंनी मुलांकडे बघितलं. कॉलेटने तोंडावर हात घेतला, आणि मला दिसलं की हाच प्रश्न तीही बारा वर्षं गिळून बसलीय. मी पोरीला आगीतून काढलं होतं खरं. पण मेलेल्या आजोबांकडे न येण्याचं निदान चांगलं कारण होतं.

मी तिचा हात धरला आणि तिला बाहेर पोर्चमध्ये आणलं. आत गाणं सुरू झालं, लॉफ्टसबाईंना दुसरं काही सुचलं नसणार. मी पर्समधून फोन काढला. मॅलकीचा नंबर त्या दुपारपासून त्यात होता. मी लावला, वाजायला लागल्यावर तिच्या हातात दिला.

"मला उत्तर माहीत नाही," मी म्हटलं. "त्यांनाच विचार."

पलीकडून 'हॅलो' आलेलं मला ऐकू आलं.

"हॅलो, आजोबा? मी ब्रोना. कॉलेटची. तुम्ही मेला नाहीत हे मला आत्ताच कळलं." ती थांबली, ओठ ओले केले. "मग तुम्ही येत का नाही?"

ती वाट बघत राहिली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. आतलं गाणं संपलं. तिने फोन कानापासून जरासा दूर धरून माझ्याकडे बघितलं.

"आजी, ते काहीच बोलत नाहीत. मेले का?"

"नाही गं," मी म्हटलं. "श्वास ऐकू येतोय ना? जिवंत आहे. तू फोन ठेवू नकोस. धरून ठेव."

तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.